आंबेनळी घाट: चाळीस किलोमीटरचा रस्ता आणि त्याखालचं पाणी

प्रश्न थोडक्यात असा आहे: पोलादपूर ते महाबळेश्वर हा जेमतेम 40 किलोमीटरचा राज्यमार्ग. दर पावसाळ्यात आंबेनळी घाटात दरड येते आणि रस्ता बंद होतो. तो मुळात कोणी, कशासाठी काढला? त्याला इतकी वळणं का? इतक्या वर्षांत तो एकदाच काय तो पक्का का करत नाहीत? आणि जुन्या वाटेचं आज काही बघायला मिळतं का?

मी घाटरस्त्यांच्या देखभालीच्या कामातून निवृत्त झालो. त्यातले सलग काही पावसाळे याच रस्त्यावर काढले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. उत्तराचा गाभा आधीच सांगून टाकतो. घाटरस्ता डांबरावर उभा नसतो, डांबर हे फक्त त्याचं पांघरूण. तो उभा असतो मोऱ्या (रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या वाटा), गटारं आणि दगडी भिंतींवर, आणि आपण पैसा घालतो तो बहुतेक पांघरुणावर.

आधी जमीन समजून घ्या. नकाशावर हा एकच घाट दिसतो, पण गाडीनं जाताना दोन डोंगर लागतात. महाबळेश्वरचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 1,370 मीटर. तिथून मेटतळ्यावरून रस्ता खाली उतरतो तो कोयनेच्या खोऱ्यात, वाडा-कुंभरोशीला. प्रतापगडाचा फाटा इथंच. म्हणजे एवढं उतरूनही तुम्ही अजून कोकणात पोचलेले नसता. सह्याद्रीची मुख्य धार तुम्ही प्रतापगडाजवळ ओलांडता आणि मग खरा आंबेनळी सुरू होतो, सावित्रीच्या खोऱ्यात उतरणारा. चिरेखिंड, दाभिळ टोक ही नावं पोलादपूरकरांना पाठ आहेत. खाली पोलादपूरला मुंबई-गोवा महामार्ग. वरच्या अंगाला हाच रस्ता पाचगणी, पसरणी घाट, वाई करत सुरूरला पुणे-सातारा महामार्गाला मिळतो. दोन मोठ्या महामार्गांना जोडणारी ही आडवी दोरी आहे, आणि तिचा सगळ्यात झिजलेला पदर म्हणजे हे 40 किलोमीटर.

नावाकडेही लक्ष द्या. सह्याद्रीत नळी म्हणजे दोन धारांमधली अरुंद घळ. ट्रेकर मंडळी नळीची वाट म्हणतात ती हीच. उन्हाळ्यात तिच्यातून माणूस चढतो, पावसाळ्यात पाणी धावतं. आंबेनळीच्या नावातच नळी आहे. म्हणजे या डोंगरातून पाण्याची वाट आधीपासून होती, आणि रस्ता तिच्यात मागाहून शिरला. तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर इथंच मिळतं.

आता इतिहास. जुनी वाट ही नव्हेच. पठारावरून कोयनेच्या खोऱ्यात पार गावाला उतरायचं ते रडतोंडीच्या घाटानं, आणि पारहून कोकणात जायचं ते पारघाटानं. रडतोंडी हे नाव कोणाला समजावून सांगायला नको. 1656 च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली, तेव्हा या वाटांच्या नाड्या त्यांच्या हाती आल्या. त्या वाटांवर नजर ठेवायला मोरोपंत पिंगळ्यांकडून प्रतापगड बांधून घेतला. अफजलखानाची फौज वाईहून निघाली ती रडतोंडीनंच पारला उतरली. 10 नोव्हेंबर 1659 ला पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. रस्त्याच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसाला त्या प्रसंगात आणखी एक गोष्ट दिसते. हत्ती, उंट, तोफा घेऊन एवढं लष्कर त्या उतारावरून खाली आणणं हे दळणवळणाच्या दृष्टीनं भयंकर काम होतं. उतरता आलं तरी घाईनं परत चढता येणार नाही अशी ती जागा आहे. ज्यानं ती निवडली त्यानं त्या उताराचा अंदाज पायानं घेतलेला होता.

इंग्रजांच्या काळात या वाटेचं कामच बदललं. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याला थंड हवेचं ठाणं हवं होतं. 1829 साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वर घेतलं गेलं, त्या बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं. प्रतापसिंह महाराजांना रस्त्यांची मनापासून आवड होती, साताऱ्याहून मेढ्यावरून महाबळेश्वरला जाणारा रस्ता त्यांच्या काळातला. महाबळेश्वरातल्या सुरुवातीच्या रस्त्यांवर कैद्यांनीही घाम गाळला. पूर्वेकडच्या ब्रिटिश वसाहतींतून आणलेले चिनी आणि मलायी कैदी तिथल्या तुरुंगात होते. 1864 ला तुरुंग बंद होईपर्यंत त्यांच्याकडून रस्त्यांची आणि भाजीमळ्यांची कामं करून घेतली जात. त्यांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत.

मुंबईचा साहेब महाबळेश्वरला यायचा तो बराचसा पाण्यावरून. होडीनं किंवा आगबोटीनं नागोठण्याला, नाहीतर बाणकोटच्या खाडीतून सावित्रीवरच्या दासगावला. तिथून महाड, पोलादपूर आणि मग घाट. पारघाटाचा चढ पालखीला, घोड्याला, लादलेल्या बैलाला जमायचा, पण चाकाला नाही. टांगा आणि बैलगाडी थेट वर न्यायची तर नवी आखणी हवी होती. ती झाली 1870 च्या दशकात. सर सीमोर फिट्झेराल्ड हा 1867 ते 1872 मुंबईचा गव्हर्नर होता, त्याच्या नावावरून या रस्त्याला फिट्झेराल्ड घाट म्हणायला लागले. जुन्या नकाशांवर हे नाव अजून दिसतं. गावच्या माणसांनी आंबेनळी सोडलं नाही.

आणि मग दहा-पंधरा वर्षांत या रस्त्याचा मोठेपणा गेला. 1880 च्या दशकात साताऱ्याच्या बाजूला रेल्वे आली. मुंबईकर पुण्यावरून वाठार स्टेशनला उतरून टांग्यानं वाई-पाचगणीमार्गे वर जायला लागला, आणि खाडी, बोट, दासगाव हे सगळं मागं पडलं. साहेबासाठी काढलेला रस्ता उरला तो जावळी आणि पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांसाठी. वरून हिरडा, तूप, धान्य खाली जायचं आणि खालून मीठ, सुकी मासळी वर यायची. मला वाटतं या रस्त्याचा खरा इतिहास हाच आहे, पण तो कोणी लिहीत नाही. 30 नोव्हेंबर 1957 ला प्रतापगडावरच्या अश्वारूढ पुतळ्याच्या अनावरणासाठी पंडित नेहरू आले. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी हजारो लोक काळी निशाणं घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. त्या दिवशी एका दिवसापुरता हा सगळा मुलूख पुन्हा देशाच्या नजरेत आला.

राज्यमार्ग हा दर्जा कुठून आला, हे एका परिच्छेदात सांगतो. 1927 ला मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली गेली. (हेच जयकर पुढं पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.) तोवर रस्ते ही स्थानिक बाब मानली जायची. ती देशाची बाब आहे हे त्या समितीनं मांडलं. मग 1943 च्या नागपूर योजनेत राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग अशी उतरंड ठरली. आज आपण जे दर्जे वापरतो ते मुळात तिथले. पण दर्जानं रस्त्याची रुंदी आणि निधी ठरतो. डोंगर त्यानं बदलत नाही.

आता आखणीकडे येतो, कारण तुम्ही वळणांबद्दलही विचारलं आहे. घाटरस्त्याचा सर्वसाधारण चढ वीसास एक धरतात, म्हणजे वीस मीटर पुढं गेलात की एक मीटर वर. लोडेड बैलगाडीच्या बैलाला न थांबता एवढाच चढ झेपतो, आणि ट्रकच्या इंजिनालाही तोच सुखाचा. पोलादपूर समुद्रसपाटीच्या जवळ आहे आणि महाबळेश्वर 1,370 मीटरवर. वीसास एकच्या हिशेबानं नुसती उंची गाठायलाच 26 किलोमीटरच्या आसपास रस्ता लागतो. डोंगराच्या त्या अंगावर एवढी सरळ लांबी नाही. म्हणून रस्ता स्वतःभोवती दुमडून घ्यावा लागतो. जिथं दुमडतो तिथं नागमोडी वळण, आणि त्या वळणावर चढ जवळजवळ सपाट ठेवायचा असतो, चाळीसास एकच्या आत. जुन्या माणसांनी हे साध्या उपकरणांनी, जंगल तोडत, दोरीला लोंबकळत आखलं. काही वळणं मी पुन्हा मोजून पाहिली होती. त्यांचा चढ आजच्या मापात बसतो.

पण पाण्याचं काय? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. डोंगर आहे काळ्या दगडाचा, लाव्हाच्या थरावर थर. वरती पठारावर जांभ्याची टोपी. जांभा स्पंजासारखा पाणी पितो. ते पाणी दगडाच्या भेगांतून खाली उतरतं आणि दोन थरांच्या मध्ये जिथं लाल मातीचा पट्टा असतो तिथं अडतं. ती माती भिजली की साबणासारखी होते. तिच्यावर बसलेला डोंगराचा तुकडा सुटतो आणि येतो थेट रस्त्यावर. दरड दिसते ती वरून कोसळलेली, पण तिची सुरुवात डोंगराच्या आतल्या पाण्यात झालेली असते, कधी कधी महिनाभर आधी.

माझ्या उमेदीच्या काळातला एक दिवस सांगतो. पुष्य नक्षत्र, मेटतळ्याच्या खालचा भाग, धुकं एवढं की जीपच्या बॉनेटपुढचं दिसत नव्हतं. माझ्याबरोबर आमचे एक मुकादम होते, तिथल्याच वाडीतले. मैलकुली, म्हणजे रस्त्याची निगा राखणारा मजूर, म्हणून लागले आणि त्याच रस्त्यावर म्हातारे झाले. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. मी टॉर्च मारून डांबर कुठं उखडलंय ते बघत होतो. मामा घोंगडीची खोळ मागं सारून कठड्याशी उभे राहिले आणि हात वर करून मला गप्प केलं. म्हणाले, "सायेब, डांबर मागनं बघा. मोरी बोलंना झालीय." मी कान दिला. आधीच्या मोरीत पाण्याचा घुमता आवाज येत होता, इथं नुसती पावसाची सरसर. मामा गटारात उतरले, गुडघाभर पाण्यात पहार घालून चाचपलं. मोरीच्या तोंडाशी करवंदीचं एक अख्खं जाळं येऊन बसलं होतं, त्यामागं पालापाचोळा, त्यामागं माती. पाणी गटार सोडून रस्त्याच्या पोटात शिरू लागलं होतं. दोघा मैलकुल्यांनी आणि मामांनी मिळून अर्ध्या तासात ते जाळं ओढून काढलं. पाण्यानं एकदम हुंकार दिला आणि पलीकडच्या तोंडातून लाल लोट बाहेर पडला. मामा त्या लोटाकडे बघत उभेच राहिले. पाणी हळूहळू गढूळ, मग पिवळट, मग स्वच्छ झालं, तेव्हा कुठं ते वर आले. "आता झोपतो डोंगूर," एवढंच बोलले.

त्या रात्री ती मोरी मोकळी झाली नसती तर सकाळी तिथं रस्ता नसता. त्या कामाची नोंद हजेरीपत्रकात तीन माणसांची अर्धी पाळी एवढीच. ते मी कधी विसरलो नाही.

पाण्याचा रंग ही खूण मी तिथं शिकलो. वर्षानुवर्षं स्वच्छ वाहणारा झरा अचानक लाल झाला, किंवा भर पावसात आटला, तर वरच्या अंगाला माती हलली आहे असं समजायचं. कठड्यावर बारीक खडे टपटपायला लागले, सरळ उभी झाडं एका बाजूला कलली, डोंगराच्या अंगावर नवी भेग दिसली, की वाहतूक थांबवायची, कोणाच्या परवानगीची वाट बघत बसायचं नाही. या खुणा वाचायला तिथंच राहणारा माणूस लागतो. पूर्वी दर काही किलोमीटरला मैलकुल्यांची टोळी असायची आणि रोहिणी नक्षत्रातच त्यांनी गटारं, मोऱ्या उपसून ठेवलेल्या असायच्या. मृगाचा पहिला पाऊस पडायच्या आत घाट तयार. ती माणसं निवृत्त होत गेली, त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. आता जेसीबी आहे. जेसीबी आलेली दरड झपाट्यानं उचलतो, पण येऊ घातलेल्या दरडीची चाहूल त्याला लागत नाही.

भिंतींचंही तसंच. जुन्या धारक भिंती बऱ्याच ठिकाणी बिनचुन्याच्या, नुसत्या दगडांत रचलेल्या. लोकांना त्या कच्च्या वाटतात. खरं तर त्यांच्या फटीफटीतून पाणी पाझरून जातं आणि मागं दाब साठत नाही. त्यांच्या जागी काँक्रीटची भिंत उभी केली आणि तिला पाझरछिद्रं ठेवली नाहीत, किंवा ठेवली आणि मागं खडीचा थर घातला नाही, तर ती भिंत न राहता धरण होते. एका ठेकेदारानं बांधलेली अशी एक नवी कोरी भिंत दुसऱ्याच पावसाळ्यात पोट काढून पुढं आलेली मी पाहिली. शेजारची शंभर वर्षांची दगडी भिंत जागची हलली नव्हती. काँक्रीट वाईट असं मी म्हणत नाही. पाण्याला वाट ठेवलेलं काँक्रीट उत्तम टिकतं, आणि तारेच्या जाळीत दगड भरून केलेली गॅबियन भिंत तर घाटासाठी फार चांगली.

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. दर काही वर्षांनी डांबराचा थरावर थर चढतो, रस्ता वर येतो आणि कठडा बुटका होत जातो. कधीकाळी कमरेएवढा असलेला कठडा गुडघ्याला येतो. 28 जुलै 2018 ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस दाभिळ टोकाजवळ दरीत गेली आणि आतला एकच माणूस वाचला. त्या दरीत दोर लावून उतरलेल्या महाबळेश्वर आणि पोलादपूरच्या ट्रेकर मुलांनी काय पाहिलं असेल याची मला कल्पना करवत नाही. त्या अपघाताच्या कारणांवर मी इथं निवाडा देणार नाही. पण घाटातला कठडा हा शोभेचा नसतो, आणि डांबराच्या प्रत्येक थराबरोबर तोही उंच करायला हवा, हे मी तेव्हाही सांगत होतो आणि आजही सांगतो.

मग आला जुलै 2021. 23 तारखेच्या सकाळी संपलेल्या 24 तासांत महाबळेश्वरला 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. या आकड्याचा अर्थ असा की एका एकरावर 24 लाख लिटर पाणी पडलं, म्हणजे दहा हजार लिटरचे 240 टँकर, एका एकरावर, एका दिवसात. आणि इथले उतार हजारो एकरांचे. महाड तालुक्यात तळीये गाडलं गेलं, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत माणसं गेली. आंबेनळीत दरडी तर आल्याच, पण ठिकठिकाणी रस्ताच खालून वाहून गेला. वर डांबराची पट्टी आणि खाली पोकळी. जुन्या मोऱ्या अशा पावसासाठी बांधलेल्याच नव्हत्या, त्यात निम्म्या अर्धवट बुजलेल्या. त्या दिवशी उत्तम निगा राखलेला घाटही मोडला असता, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. फरक पडला असता तो किती ठिकाणी मोडला याच्यात, आणि परत सुरू व्हायला किती दिवस लागले याच्यात.

तेव्हा "एकदाच पक्का का करत नाहीत" याचं माझं उत्तर: एकदाच पक्का असा घाट नसतो. डोंगर हलत राहतो, पाणी वाट बदलत राहतं. रुंदीकरणासाठी डोंगराचा पाय कापला की वरचा उतार पुन्हा नव्यानं सुटायला लागतो आणि पुढची पाच-दहा वर्षं दरडी वाढतात. या रस्त्याला मोठं रुंदीकरण मी सुचवणार नाही. सुचवेन ते असं: प्रत्येक मोरी माणूस वाकून आत शिरेल एवढी मोठी करा, म्हणजे ती साफ करता येईल. मोरीतून सुटलेलं पाणी उघड्या उतारावर न सोडता दगडी पायऱ्यांवरून थेट नळीच्या तळापर्यंत न्या, कारण रस्त्याचा खालचा काठ तिथंच पोखरला जातो. दरडीच्या जागांवर, वरच्या अंगाला, पाणी वळवणारे चर खणा. रायगड आणि सातारा या दोन जिल्ह्यांची हद्द घाटातच आहे, तरी पाण्याला हद्द नसते, म्हणून पावसाळ्यापूर्वीची पाहणी दोन्ही बाजूंनी एकत्र चालत करा. आणि वाडीवस्तीवरची मुलं पुन्हा कायम कामावर घ्या. अतिवृष्टीच्या इशाऱ्यात प्रशासन घाट बंद करतं तेव्हा लोक चिडतात, मलाही फोन येतात. तेव्हा कुंभार्ली घाटानं चिपळूणकडे उतरा, वेळ जाईल. वरंधा घाटाचा भरवसा धरू नका, आंबेनळीवर पडणारा पाऊस वरंध्यावरही पडतो.

जुन्या वाटेचं काय उरलंय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. पाऊस संपल्यावर, कार्तिकात जा. वाडा-कुंभरोशीहून पार गावाकडे वळा, रामवरदायिनीचं देऊळ आहे ते गाव. तिथं कोयनेवर शिवकाळातला म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल अजून उभा आहे. पुलावरून फोटो सगळेच काढतात. तुम्ही खाली पात्रात उतरा आणि खांबांची बुडं पाहा, जिथं प्रवाह येऊन आदळतो ती बाजू. दगड कसा घडवलाय, सांधा कसा बसवलाय, पाण्याला दोन्ही अंगांनी किती जागा सोडलीय ते बघा. मी पहिल्यांदा तिथं गेलो तो मामांबरोबर. ते पात्रातल्या एका धोंड्यावर बसले, तंबाखू मळली आणि मला म्हणाले, "सायेब, तुमच्या मोऱ्या बांधणाऱ्याला हितं आणून बसवा एक दिवस."